तीन लुगड्यांचा खटला

बाळांनो,

तुमच्यापैकी जी वकिलीचा अभ्यास करते तिनं मागच्या पत्रात विचारलं आहे, की आजी, तुमच्या काळी बायकांची खरेदी-विक्री झाली तर शिक्षा कुणाला व्हायची, विकणाऱ्याला की विकत घेणाऱ्याला? तिकडे यावर वाद चालू आहे आणि तिला वर्गात बोलायचं आहे. प्रश्न एका ओळीचा आहे. उत्तर मी तीन वेळा एरोग्रामवर लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा चिडून फाडलं. म्हणून आता वहीच घेतली आहे. पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर डॉक्टर कधी लिहू देतील ते सांगता येत नाही, आणि ही हकीकत दुसऱ्याला सांगून उतरवून घ्यावी अशी नाही. तेव्हा सगळ्यांसाठी एकदाच लिहिते. नावं कुणाचीच देत नाही. त्यातल्या काहींची नातवंडं आज माझ्या ओळखीची आहेत आणि भली माणसं आहेत.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीची दोन-तीन वर्षं धरा. भोर तेव्हा संस्थान होतं आणि तुमचे आजोबा तिथल्या कचेरीत वकिली करत. मी पुण्यात इंग्रजी शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकून तिथे सून म्हणून आले होते. भोरात त्या शिक्षणाचा उपयोग एवढाच, की आजोबांचे कागद मी लावून ठेवायची आणि अर्ज स्वच्छ अक्षरात लिहून द्यायची. अर्जाला परिच्छेद पाडून आकडे घालायची सवय मी लावली. कचेरीतले कारकून त्याला हसत, पण वाचायला तेच अर्ज आधी घेत. मला त्याचा अभिमान होता. पुढे काय झालं ते वाचलंत की तो किती फुकाचा होता ते कळेल.

एका बाजारच्या दिवशी दोन बायका आमच्या पायरीवर येऊन बसल्या. म्हातारी लोणी विकायला नेहमी यायची, म्हणून तिला मी ओळखत होते. हिर्डोशीच्या वर डोंगरात मेंढरं-गुरं राखणाऱ्यांची वाडी आहे, तिथली ती. सोबत तिची भाची होती, वीस-एकवीस वर्षांची, विधवा. म्हातारी म्हणाली, "वकिलीणबाई, हिला कागुद करून द्या. हिला कुनाची बाईल व्हायची न्हाई."

"कुणी मागणी घातली आहे का?"

"मागनी कशाची? तीनदा दिऊन झाली."

मग भाचीनं सांगितलं. आवाज अगदी सपाट, जणू दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगते आहे. नवरा तापानं गेला. त्या लोकांत विधवेचा पाट लागतो. त्याला लग्नासारखा थाट नसतो. चार माणसांसमोर पुरुष बाईला लुगडं आणि बांगड्या देतो, आणि तिच्या माणसांना देज देतो, म्हणजे ठरलेली रक्कम. कापूरहोळच्या नाक्यावर एक बाई खानावळ चालवायची. ती तूप-कोंबड्या घ्यायला वाड्यांवर हिंडायची. तिनं स्थळ आणलं. माणूस भाटघरचा, त्यांच्याच जातीतला, पण बापाच्या वेळेपासून मेंढरं सोडून उसाची बागाईत करणारा. निम्मं देज दिरानं घेतलं, निम्मं खानावळवालीनं ठेवून घेतलं, मुलीनं लुगडं घेतलं आणि ती खाली गेली.

दोन महिन्यांनी घरात पहिल्या बायकोची कुरकुर वाढली, तेव्हा बागाईतदारानं तिला बैलगाडीत घालून खानावळीवर आणून सोडलं. खानावळवाली म्हणाली, तुझा पाट मोडला, आता दुसरा लावू. दुसरा माणूस नाक्यावरचा मोटारवाला. त्यानं चार महिने ठेवली. तिसरा वेल्ह्याकडे रस्त्याचं काम घेतलेला ठेकेदार. प्रत्येकानं लुगडं दिलं. प्रत्येक वेळी खानावळवालीनं चार माणसं गोळा केली.

"मग तुला कळलं कधी?"

"ती उरलेलं पैकं न्यायला ठेकेदाराच्या झोपडीवर आली आनि माझ्यासमोरच त्यांची घासाघीस झाली. म्या भाकरी थापत हुते. तो म्हनला, दोघांच्या हातची हाय, कमी कर. तवा कळलं."

त्या दिवशी ती निघाली. पण सरळ घरी गेली नाही. अंगावर जुनं लुगडं नेसून तिन्ही नवी लुगडी तिनं गाठोड्यात बांधली. एक ठेकेदाराच्या झोपडीच्या दारात टाकलं. दुसरं कापूरहोळला मोटारवाल्याच्या ओट्यावर. तिसरं भाटघरला बागाईतदाराच्या दारात, त्याच्या पहिल्या बायकोच्या डोळ्यांदेखत. वेल्ह्यापासून हिर्डोशीपर्यंत सगळं पायी. मी विचारलं, अगं, तू जीव घेऊन पळालीस, मग वाट वाकडी करून त्या दारांत कशाला गेलीस? मला एवढं कसं कळत नाही, असं तिला वाटलं असावं.

"त्यांचं लुगडं घरात ठिवलं आसतं तर म्या त्यांची ऱ्हायले नसते का?"

मला हे इतकं पटलं, इतकं स्वच्छ वाटलं, की अर्ज लिहिताना सातवा परिच्छेद मी त्यालाच दिला. आजोबांनी फक्त मुद्दे सांगितले होते. हा माझ्या मनचा. 'अर्जदार बाईने तिन्ही इसमांनी दिलेली लुगडी ज्याची त्याला परत केली आहेत.' मला वाटलं, एवढं वाचलं की ही बाई किती सरळ आहे ते कुणालाही दिसेल.

आजोबांनी कागद वाचला आणि सातव्यावर थांबले. "हे लिहायलाच हवं होतं का?"

"खरं आहे ते."

"खरं आहे म्हणूनच विचारतो आहे," ते म्हणाले. पण पक्षकार इतक्या लांबून चालून आलेली, मुद्रांक लागलेला, आणि मी सही-अंगठ्यासकट स्वच्छ प्रत तयार केलेली. त्यांनी अर्ज तसाच दाखल केला.

कायदा काय होता ते मी त्याच रात्री जेवताना विचारून घेतलं होतं. अशा कामासाठी घर चालवणाऱ्याला कलम होतं. बाईला फसवून आणणाऱ्याला कलम होतं. तिच्या मिळकतीवर जगणाऱ्याला होतं. "आणि पैसे देऊन घेणाऱ्याला?" मी विचारलं. आजोबांनी ताकाचा घोट घेतला आणि म्हणाले, "त्याला साक्षीदार म्हणून बोलावतात." मला वाटलं थट्टा करताहेत. सासूबाई म्हणाल्या, जेवताना हे विषय नकोत.

थट्टा नव्हती. खटल्याच्या दिवशी मी स्वतः पाहिलं. कचेरीत दुसरं बाईमाणूस नाही, म्हणून मुलीजवळ बसायला मला बोलावलं होतं. बसायला म्हणजे उभं राहायला. मुलगी फिर्यादी, ती उभी. खानावळवाली आरोपी, ती उभी. तिघे पुरुष धुतलेले कोट-फेटे घालून आले, आणि शिरस्तेदारानं त्यांना बाक दिला. ठेकेदाराला खुर्ची. का, तर तो लांबून आला होता. मुलगी हिर्डोशीवरून आली होती ते कुणी मोजलं नाही.

तिघांच्या जबान्या ऐकताना माझ्या हातातल्या पिशवीचा बंद तुटला, इतका मी तो पिळला होता. कारण तिघेही एकच सांगत होते, की आम्ही फसलो. मोटारवाला म्हणाला, खानावळवालीनं सांगितलं की बाई आमच्या जातीची आहे, म्हणून पाट लावला. ठेकेदाराची जात तिसरी. त्यालाही सांगितलं होतं, बाई तुमच्यातलीच. एका वर्षात ती मुलगी तीन जातींची झाली होती आणि हे तिला त्या दिवशी कचेरीत समजलं. मोटारवाल्यानं तर डोळे पुसले. "साहेब, माझ्या घरात ह्या बाईच्या हातचं शिजलं. माझ्या आईचा धर्म बुडाला, त्याचं काय?" न्यायाधीश मानेनं हो म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. मुलीला त्यांनी एकदा पाणीही द्यायला सांगितलं. पण मोटारवाल्याच्या आईच्या धर्माबद्दल त्यांनी चार प्रश्न विचारले आणि मुलीच्या चार महिन्यांबद्दल एकही नाही.

बागाईतदार शेवटी आला. तो मात्र फसलो म्हणाला नाही, कारण त्याची जात जुळत होती. तो म्हणाला, माझा पाट रीतसर झाला, ही माझी बायको. रुसून गेली. खानावळवाली कसली बाई आहे ते साहेबांना कळावं म्हणून त्यानं आपण होऊन आणखी एक गोष्ट सांगितली, की बाईला परत सोडायला गेलो तेव्हा मी भांडून निम्मं देज तिच्याकडून माघारी वसूल केलं. हे सांगताना त्याला आपल्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. कारकुनानं लिहून घेतलं.

मग खानावळवालीचे वकील उठले. त्यांनी माझा अर्ज हातात घेतला आणि सातवा परिच्छेद मोठ्यानं वाचला. म्हणाले, फिर्यादी स्वतः कबूल करते की ही लुगडी पाटाची होती, नाहीतर परत करायला ती कोस-कोस चालली नसती. तेव्हा इथे घर चालवणं नाही, विक्री नाही. पाट जुळवणं आहे, आणि ते काम गावोगाव म्हाताऱ्या करतात.

निकाल असा लागला. बाई आणल्याचं, विकल्याचं काहीही शाबीत नाही, कारण तिन्ही वेळा पाट होता असं फिर्यादीच्याच वागण्यावरून दिसतं. पहिला पाट रीतीप्रमाणे मोडलेला नाही. असं असताना आरोपीनं खोटी जात सांगून आणखी दोन पाट लावले, आणि मोटारवाला व ठेकेदार या दोन इसमांची फसवणूक केली. म्हणून काही महिन्यांची कैद आणि दंड, आणि दंडातून काही भाग फसवल्या गेलेल्या इसमांना.

बाळांनो, हे वाक्य पुन्हा वाचा. मी त्या दिवसापासून वाचते आहे. शिक्षा झाली, ती गिऱ्हाइकांना फसवल्याबद्दल. नुकसान भरून मिळालं, ते गिऱ्हाइकांना. वर तिघांना साक्षीचा भत्ता.

बाहेर आलो तेव्हा शिपाई खानावळवालीला घेऊन चालला होता. ती माझ्यासमोर थांबली. मला तिची कणव नव्हती, आजही नाही. आणखी किती वाड्यांतून तिनं मुली उतरवल्या असतील ते तीच जाणे. पण ती जे बोलली ते मी विसरलेले नाही.

"वकिलीणबाई, म्या इकली म्हनून आत चालले. ज्यांनी घेतली त्ये भत्ता घिऊन घरी चालले. तुमच्या विंग्रजी बुकात ह्येला काय म्हनत्यात?"

शिपाई म्हणाला, "चल गं, लई शानी झाली." आणि ती गेली.

खरा घोळ पुढे झाला. पहिला पाट कायम असं कचेरीनं म्हटल्यावर बागाईतदाराला जोर आला. त्याची पहिली बायको आजारी पडली होती आणि घरात कामाला माणूस हवं होतं. आठ दिवसांत त्यानं वाडीवर निरोप धाडला, की कायद्यानं माझी बायको आहे, मुकाट्यानं पाठवा, नाहीतर कचेरीतून आणीन. म्हातारी पुन्हा आमच्या पायरीवर. या वेळी लोणी नव्हतं. "कागुद करून द्या म्हनलं हुतं," ती म्हणाली, "तुमी तर हिला त्याच्या दावनीला बांधून दिली."

तिचं बरोबर होतं. सातवा परिच्छेद माझ्या अक्षरातला होता. ज्या एका कामानं मुलगी स्वतःला सोडवून आली, तेच मी आकडा घालून, ओळी सरळ ठेवून तिच्याविरुद्ध लिहून दिलं होतं. अपील करायचं तर महिने जाणार आणि तोवर तो तिला नेणार.

आजोबांनी निकालाची आणि जबान्यांची नक्कल काढून आणली. मी ती चार दिवस वाचली. सवयीनं समासात आकडे घातले. बागाईतदाराच्या जबानीशी आले तेव्हा म्हातारीला विचारलं, "तुमच्यात पाट मोडतो कसा?"

"पंचांम्होरं काडी मोडायची. नवऱ्यानं मोडायची."

"आणि देज?"

"द्याज त्याला माघारी घेता येत न्हाई. घेतलं तर त्यानंच टाकली असं हुतं. मग काडी मोडून द्यायाच लागती." मग तिच्या लक्षात आलं. "घेतलं का काय त्यानं?"

ते कागदावर होतं. त्याच्याच तोंडचं, त्याच्याच सहीचं. खानावळवालीला खाली पाडायच्या नादात त्यानं ते भर कचेरीत सांगितलं होतं, आणि ज्याला त्याचा अर्थ कळला असता असं मुलीखेरीज एकही माणूस तिथे नव्हतं. मुलीनं ऐकलं असेल, पण तिला विचारलं कुणी?

म्हातारीनं जातीचे पंच बोलावले, आणि ते बसायच्या दिवशी मी हिर्डोशीला गेले. सासूबाई म्हणाल्या, वकिलाच्या बायकोनं असल्या बैठकीला जाऊ नये. आजोबा म्हणाले, "अर्ज तिनं लिहिला होता, निस्तरू दे तिला." हे त्यांनी माझ्या बाजूनं म्हटलं की माझ्यावर चिडून, ते मला नंतरही कळलं नाही. काही वाट गाडीनं, पुढे चढण पायी. पंच म्हणजे पाच-सहा म्हातारे, उघड्या माळावर घोंगड्या टाकून बसलेले. बागाईतदार आला होता. येणं भाग होतं. सुगीनंतर या वाड्यांची मेंढरं खाली उतरतात आणि त्याच्या शेतात बसतात, तेव्हा कुठे त्याच्या उसाला खत मिळतं. पंचांनी निरोपात तेवढंच कळवलं होतं, की आला नाहीस तर यंदा कळप तुझ्या बांधाला लागणार नाही.

मी नक्कल वाचली. निम्म्या देजाच्या वाक्यावर एका म्हाताऱ्यानं हात वर केला. "परत वाचा, बाई." मी परत वाचलं. म्हाताऱ्यानं बागाईतदाराला विचारलं, "तुझी सही हाय का?"

"हाय. पर ते त्या बाईवर हुतं, ह्यासाटी न्हवतं."

"घेतलं का न्हाई माघारी?"

"घेतलं."

म्हाताऱ्यानं मला विचारलं, "आनि कचेरीनं ह्येला काय केलं?"

"काही नाही. हा साक्षीदार होता."

"कशाचा साक्षीदार? पैकं ह्येनंच दिलं, माघारीबी ह्येनंच घेतलं. अन् जाब फकस्त त्या खानावळवालीला?" तो बाकीच्यांकडे वळला. "वकिलांच्यात अशी रीत हाय म्हनं." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

बागाईतदारानं काडी मोडली. वाळलेल्या गवताची होती, आवाजही झाला नाही. तो तुकडे टाकून खाली निघून गेला. मला वाटलं, आता तरी कुणीतरी हे पूर्ण नीट केलं. तेवढ्यात तोच म्हातारा मुलीला म्हणाला, की तू दोन परजातींच्या घरात राहिलीस, तेव्हा गोतात परत यायचं तर एक बकरं आणि जेवण तुझ्याकडं. मी उठून म्हणाले, अहो, ती स्वतः नव्हती गेली. म्हातारा शांतपणे म्हणाला, "म्हाईत हाय, बाई. पर ऱ्हायली हुती नव्हं." मोटारवाला आणि ठेकेदार यांच्या गोतांनी त्यांना काही विचारल्याचं मी कधी ऐकलं नाही.

मुलीनं बकरं दिलं. तिला त्याचा राग नव्हता, सगळा राग मलाच. परतताना ती मला ओढ्यापर्यंत पोचवायला आली. मी म्हटलं, माझ्या लिहिण्यानं तुला हा एवढा फेरा पडला. ती म्हणाली, "तुमी लिवलं ते खोटं कुटं हुतं? त्यास्नी वाचता येत न्हाई, त्याला काय करनार?" न्यायाधीश आणि दोन वकील, या कचेरीतल्या तिघा पदवीधरांबद्दल हे मत मी तुमच्या आजोबांना सांगितलं. ते एक दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तेव्हा वर्गात बोलणार असशील तर हे सांग. विकणारीला धरायला कलम होतं, आणि तेही नीट लागलं नाही. घेणाऱ्यांसाठी कलमच नव्हतं, म्हणून त्यांना फसलेले म्हणायची सोय झाली. तिघांपैकी एकाला अर्धा दिवस माळावर उभं राहावं लागलं, तेही त्याला लेंडीखत हवं होतं म्हणून. मला हा न्याय वाटत नाही. पण मी पाहिला तो एवढाच. कायदा करताना घेणाऱ्याचा रकाना आधी आखा, असं मी तुझ्या जागी असते तर म्हटलं असतं. तुझे प्राध्यापक काय म्हणतात ते कळव.

वाडी अजून आहे. हिर्डोशीपर्यंत एस.टी. जाते, पुढे चालावंच लागतं. तिनं पुन्हा पाट लावला नाही. ती आता सत्तरीच्या पुढे आहे, कान गेले आहेत, चार शेळ्या आहेत, आणि घर तिच्या एकटीचं आहे.